घर माझ्या नावावर

परवा दुपारी पोळ्या लाटत होते आणि मोबाइल वाजला. माझे हात पिठाचे, म्हणून यांनीच उचलला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आपल्या संकेतस्थळाच्या नावाची मुदत तीस दिवसांत संपत आहे. नूतनीकरण करावे.' मग चष्मा कपाळावर चढवून दरवर्षीचा प्रश्न आला, "किती जणं वाचतात गं ते? पैसे भरायचे ते कुणासाठी?"

दरवर्षी मी निराळं उत्तर देते. एकदा म्हटलं, तुम्ही रोज रंकाळ्यावर फिरायला जाता, तिथं कोण तुमची वाट बघत बसलेलं असतं? एकदा म्हटलं, देवघरात दिवा लावते तो किती जणांना दिसतो? यंदा मात्र काही बोलले नाही. तव्यावरची पोळी उलटली. यंदा त्या प्रश्नाच्या मागं दुसरंच काहीतरी होतं आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते सांगते, पण त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

माझं स्वतःचं संकेतस्थळ आहे म्हटलं की लोकांना वाटतं मी काहीतरी विकते. भिशीतल्या एकीनं तर सरळच विचारलं, "पापड की चटणी ओ, वहिनी?" विकत काही नाही. माझ्या सासूबाईंची एक वही होती, तिच्यातलं जे हाती लागलं ते तिथं मांडून ठेवलंय. शेजारी माझं स्वतःचं थोडंफार असतं. भिंतीला आलेली ओल, तांदळातले किडे, लेक सासरी गेल्यावर तिच्या खोलीचं काय करावं असा पडलेला प्रश्न. महिन्यातून एखाद-दुसरं पान लिहून होतं, कधी तेही नाही.

सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, पण अक्षर मोत्यासारखं. त्यांची वही म्हणजे जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर होतं. पुढच्या बाजूनं पाककृती, शाईच्या पेनानं लिहिलेल्या. वही उलटी केली की मागच्या बाजूनं घरखर्चाचा हिशेब, तो पेन्सिलीनं. हिशेब खोडावा लागतो, पाककृती खोडायची नसते, असं त्या म्हणायच्या. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' निघालं आणि वाटी-चमच्याच्या मापानं सगळा महाराष्ट्र स्वयंपाक शिकला. आमच्याही घरात ते आलं. सासूबाईंनी ते मनापासून वाचलं, कौतुक केलं आणि कपाटात ठेवलं. चटणी मात्र वहीतूनच. (बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते, आम्ही कोल्हापूरकर चटणी म्हणतो ती वर्षाची करून ठेवायची कांदा-लसणाची तिखट पूड. ताटाच्या डाव्या बाजूची ओली चटणी निराळी.)

२०१० साली माझ्या भाच्यानं मला एका फुकटच्या जागेवर लिहायला शिकवलं. तोवर मराठी टाइप करणं बरंच सोपं झालं होतं. त्याच्या आधीचे दिवस आठवतात का? एखादं मराठी वर्तमानपत्र कॉम्प्युटरवर वाचायचं तर त्यांचा तो खास फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर सगळा अक्षरांचा चिवडा. युनिकोड आलं आणि आपली देवनागरी कुठल्याही यंत्रावर देवनागरीच दिसू लागली. मी एका बोटानं टाइप करत सहा वर्षांत वहीतल्या एक्केचाळीस पाककृती तिथं चढवल्या. फार आनंद व्हायचा.

२०१६ च्या श्रावणात एक दिवस कुलूप उघडेना. खातं बंद केलंय, एवढाच निरोप. का, कुणी, काही नाही. पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. दार वाजवायलासुद्धा दार नव्हतं! त्या जागेचं नाव मी घेत नाही, आता घेऊन उपयोगही नाही. फुकटात राहत होते, मालकानं सामान बाहेर काढलं.

असं होणारी मी काही एकटी नव्हे, हे मला नंतर कळलं. जिओसिटीज नावाची एक जागा १९९४ साली निघाली होती. तिथं चक्क वस्त्या होत्या, वस्त्यांना नावं होती, प्रत्येक पानाला घर-क्रमांक होता. लाखो लोकांनी तिथं आपापली पानं थाटली. ऑक्टोबर २००९ मध्ये मालक कंपनीनं अख्खं गाव बंद केलं. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बराचसा भाग उतरवून घेतला, म्हणून तो वाचला. आपल्याकडं ऑर्कुट किती चालायचं! ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. माझ्या मुलीच्या मैत्रिणींनी एकमेकींना लिहिलेलं सगळं त्यात होतं. उलटं उदाहरणही आहे हं. 'मायबोली' १९९६ च्या गणेशोत्सवात परदेशातल्या मराठी माणसांनी सुरू केली, ती अजून नांदते आहे. चालवणाऱ्याला ती आपली वाटली पाहिजे, मग टिकते.

पण २०१६ साली मी एवढा विचार केलाच नाही. वही आहे ना घरात, असं म्हणून गप्प बसले.

आम्ही तेव्हा शाहूपुरीत राहायचो, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीपाशी पाण्यात, पेट्रोल नाही, दूध नाही, वीज नाही. शेजारच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती तयार होत्या, त्यांचं जे झालं ते बघवत नव्हतं. आम्ही निघालो ते कागदपत्रांची फाइल, औषधं आणि दागिन्यांचा डबा घेऊन. वही फडताळात वरच्या खणात होती. मला वाटलं, एवढ्या वर पाणी कशाला येतंय!

आलं. परत गेलो तेव्हा फडताळाचं दार फुगून घट्ट बसलेलं. यांनी पहारीनं उघडलं. वही वीट भिजल्यासारखी जड झाली होती.

इथं एक कामाची गोष्ट सांगते, देव करो आणि तुम्हाला तिची गरज न पडो. भिजलेली वही-पुस्तकं उन्हात टाकू नका. कागद आकसतो, वाकडा होतो, पानं चिकटतात ती कायमची. सावलीत, पंख्याखाली, पानापानांत कोरा टीपकागद किंवा पातळ सुती कापड घालून वाळवायची आणि ते कापड दिवसातून दोन-तीनदा बदलायचं. ओढून पान सोडवायचं नाही. जाणकार लोक अशी पुस्तकं बुरशी धरू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात. आमच्याकडं कुठली वीज आणि कुठला फ्रीज! जावेच्या घरी, राजारामपुरीत, गच्चीच्या खोलीत मी अकरा दिवस ती वही वाळवली.

आणि काय झालं असेल? शाई सगळी वाहून गेली. पुढच्या बाजूच्या पाककृतींच्या जागी निळसर डाग, जणू पानांवर कुणी नीळ सांडली. मागच्या बाजूचा पेन्सिलीचा हिशेब मात्र जसाच्या तसा. जे खोडण्यासाठी लिहिलं होतं तेच राहिलं. पेन्सिलीतलं शिसं पाण्यात विरघळत नाही, शाई विरघळते, एवढं साधं त्यामागचं कारण. मी त्या गच्चीच्या खोलीत भोकाड पसरून रडले, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

मग बेळगावचं पाकीट आलं. फुकटच्या जागेवर लिहीत होते तेव्हा एक बेळगावची बाई अधूनमधून दोन ओळी लिहायची. पुढं फोन नंबरांची देवघेव झाली होती, सणासुदीला शुभेच्छा, एवढंच. पूर आल्यावर तिनं चौकशीला फोन केला. मी वहीचं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुमच्या पाककृती मी छापून फाइल केलीय की!" आठवड्याभरात तेवीस पाककृतींच्या झेरॉक्स टपालानं हजर. मूळ कागदांवरचे हळदीचे डागसुद्धा झेरॉक्समध्ये काळे उमटलेले. शिवाय समासात तिच्या सूचना, 'गूळ कमी', 'आमच्याकडं हे कुणी खाईना', 'छान झालं, दुप्पट करावं'. सासूबाई असत्या तर 'गूळ कमी' वाचून दोन दिवस बोलल्या नसत्या! जुनी पानं जपणारं एक मोठं परदेशी संग्रहालय आहे, इंटरनेट आर्काइव्ह, १९९६ पासून ते जगभरची पानं साठवतं. भाच्यानं त्यात शोधून आणखी तीन पाककृती काढून दिल्या. एक्केचाळिसातल्या सव्वीस आल्या. पंधरा गेल्या त्या गेल्याच. त्यांत आखाडातल्या कापण्यांची होती, ती मी अजून अंदाजानं करते आणि दरवेळी वेगळी होते.

त्या दिवाळीत मी ठरवलं, आता दुसऱ्याच्या वाड्यात नाही. स्वतःचं नाव घ्यायचं, स्वतःची जागा घ्यायची.

नावाचा प्रश्न आला. माझं माहेरचं नाव की सासरचं? आमच्या पिढीत लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं की बापानं ठेवलेलं नाव संपलं. मी पंचवीस वर्षं एक नाव लावलं आणि चाळीसच्या वर वर्षं दुसरं लावते आहे. दोन्ही माझीच आहेत आणि दोन्ही दुसऱ्यांनी ठेवलेली. शेवटी सासूबाईंचं माहेरचं नाव घेतलं. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, बारीक, कुणाला सहज दिसू नये असं. साठ वर्षांत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. मी इंग्रजी अक्षरांतलं घेतलं, पण २०१४ पासून '.भारत' असा देवनागरी पत्ताही मिळतो, हे तुमच्या माहितीसाठी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जमतं कसं? कॉम्प्युटरची भाषा यायला नको का? अगं, तुम्ही आम्ही स्वेटर विणलेत ना? मासिकात नमुना यायचा, 'दोन सुलट, दोन उलट, फुलीपासून पुन्हा'. परक्या माणसाला तो मंत्र वाटायचा आणि आपण बसमध्ये बसून विणायचो. पान लिहायची खूणभाषा अगदी तशीच आहे. परिच्छेद सुरू झाला की एक खूण, संपला की तीच खूण तिरकी रेघ मारून. ठळक अक्षरं हवीत, खूण उघडा, शब्द लिहा, खूण बंद करा. बंद करायला विसरलात तर पुढचं सगळं पान ठळक होऊन बसतं, टाका सुटल्यावर बाही लांबत जावी तसं. पंधरा-वीस खुणा आल्या की घर उभं राहतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली पहिलं संकेतस्थळ केलं ते अशाच मूठभर खुणांवर, आणि १९९३ च्या ३० एप्रिलला त्यांच्या संस्थेनं ही सगळी विद्या जगाला फुकट देऊन टाकली. म्हणून तर कोल्हापूरच्या एका सासूबाईंच्या चटणीला जागा मिळाली.

असं स्वतःचं स्वतंत्र पान बाळगणाऱ्यांची जगभर एक चळवळच आहे. २०११ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडला चौघांनी मिळून त्यांचा पहिला मेळावा भरवला, त्या चौघांत दोघी बायका होत्या. त्यांचा एक साधा नियम मला पटला. आधी आपल्या घरी लिहायचं, मग हवं तर त्याची प्रत बाहेर वाटायची. फराळ घरी करून डबे शेजारी पाठवतो तसं. डबा हरवला तरी पातेलं घरात असतं. यातल्या काही जणी एकमेकींच्या पानांची साखळी करतात, एका घरून पुढच्या घरी. संक्रांतीला हळदीकुंकवाला निघाल्यावर एकीनं पुढचं दार दाखवावं, तसंच.

आता खर्चाचं. नावाचे वर्षाला हजाराच्या आतबाहेर, पानं ठेवायच्या जागेचे थोडे वेगळे. साधी पानं असतील तर जागा फार लागत नाही. आणि खरं सांगते, हे घरसुद्धा कायमच्या खरेदीखताचं नाही. नाव जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं, मग पुन्हा पैसे भरायचे. पण जागेचा मालक पसंत पडला नाही तर सामान उचलून दुसरीकडं नेता येतं आणि पाटी तीच राहते. माझ्या मते सगळा फरक त्या पाटीत आहे.

त्या पाटीपायीच माझी एक मोठी चूक झाली. २०१९ साली भाच्यानं हौसेनं सगळं करून दिलं आणि नाव नोंदवताना स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाइल घातला. माझ्या काही ते लक्षात आलं नाही. तो पुढं नोकरीला जर्मनीला गेला, नंबर बदलला. २०२२ साली मुदत संपल्याचे निरोप त्याच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले आणि एक दिवस माझं पान उघडलं तर भलतीच जाहिरात! पोटात गोळाच आला. मुदत गेली तरी लगेच सगळं जात नाही, काही दिवस सवलत असते, त्यानंतर महिनाभर दंड भरून नाव सोडवता येतं, आणि त्याच्याही पुढं गेलं की ते कुणीही उचलतो. आम्ही दंडाच्या दिवसांत होतो. रात्री अकराला भाच्याला फोन, त्याचा जुना पासवर्ड आठवेना, त्याचं सिमकार्ड बंद. नवव्या दिवशी सुटलं. तेव्हापासून नाव माझ्या नावावर, ईमेल माझा, मोबाइल माझा. २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर आपलं राज्य सरकार मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देतं. सवलत असो नसो, तुम्ही असं काही घेतलंत तर पहिल्या दिवशीच कागद आपल्या नावाचे करा. मुलगा, भाचा, जावई, सगळे गुणी असतात हो, पण ते गावाला जातात. पासवर्ड कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा, आणि सगळ्या पानांची प्रत दोन पेन ड्राइव्हवर. माझा एक कपाटात वरच्या खणात असतो, दुसरा इचलकरंजीला वन्संकडं. आता आम्ही राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आहोत. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा शाहूपुरीच्या आमच्या जुन्या घरात पुन्हा पाणी शिरलं. पण एकदा पोळलेली बाई ताकही फुंकून पिते.

वन्संचं नाव आलंच आहे, तर आता ती गोष्ट.

गेल्या वर्षी मी हिशेबाची पानं वाचायला घेतली. पाककृती संपल्या होत्या आणि पेन्सिलीचं इतकं सगळं शिल्लक होतं. गहू, रॉकेल, शाळेची फी, अंबाबाईची ओटी. १९७२ च्या दुष्काळानंतरची महागाई तर आकड्यांत दिसते, ज्वारीचा भाव दर दोन पानांनी वर. आणि १९७४ च्या जूनमध्ये एक ओळ: 'गुजरी. पाटली १ मोडली. दीड तोळा. रु. ८१०. फी व वसतिगृह.'

फी यांची. १९७४ साली हे सांगलीला इंजिनिअरिंगला गेले. एका पाटलीची गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. सासूबाईंच्या हातात एकाच हाताला पाटली असायची आणि त्या सांगायच्या, दुसरी नदीवर पडली. मी यांना ती ओळ दाखवली. हे बराच वेळ खिडकीशी उभे राहिले, मग नुसतेच फिरायला निघून गेले. रात्री म्हणाले, "लिही त्याच्यावर." मी लिहिलं. मन लावून लिहिलं. आईनं मुलासाठी काय केलं आणि जन्मभर कसं लपवलं. पान लावलं आणि मूर्खासारखा त्या ओळीचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला. चाळीस हात जोडले गेले, 'ग्रेट आई', 'डोळ्यांत पाणी'. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुप्रभाताच्या फुलांखाली तो फोटो गाडला गेला.

वन्सं काहीच बोलल्या नाहीत. यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. चार दिवसांनी फोन आला. "आईची लक्तरं चव्हाट्यावर टांगायला तुला कुणी सांगितलं? काढ ते आधी." एवढंच बोलून ठेवला. मला राग आला. यात लक्तरं कसली? अभिमानाची गोष्ट! हेही म्हणाले, ताई उगाच करते. तरी मी त्याच रात्री पान उतरवलं. माझं घर होतं, माझ्या हातानं उतरवता आलं. ग्रुपवरचा फोटो मात्र निघेना, तो कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये कुठं गेला, देव जाणे.

नंतर एकदा पानं चाळता चाळता मी मागं गेले. १९७१ पासून दर सहा महिन्यांनी एक ओळ आहे, 'फी, कॉलेज', आणि पुढं वन्संचं नाव. १९७३ च्या मार्चपर्यंत ती ओळ येते. नंतर येत नाही.

मी वही मिटून ठेवली. वन्संचं कॉलेज मधेच सुटलं हे मला माहीत होतं. 'तेव्हा परिस्थिती नव्हती,' हे वाक्य मी या घरात सून म्हणून आल्यापासून ऐकत होते, त्यांच्याच तोंडून. १९७३ साली परिस्थिती नव्हती आणि १९७४ साली पाटली निघाली. मी इतकं मन लावून लिहिलं त्यात ही रिकामी जागा मला दिसलीच नव्हती. यांना दाखवलं. हे म्हणाले, "मला काय माहीत? मी अठरा वर्षांचा होतो." ते खरंच आहे. सासूबाईंना मी आता विचारू शकत नाही. २०११ लाच गेल्या त्या. पाटली कुणासाठी मोडायची हे ठरवायचा हक्क त्यांना तरी किती होता, कुणास ठाऊक.

मी वन्संना फोन केला नाही. काय म्हणणार होते? वर्षभर ते पान तसंच उतरवलेलं राहिलं. तर यंदाचा तो प्रश्न, 'कुणासाठी पैसे भरायचे', हे असं सगळं मधे घेऊन आला होता.

परवा जेवणं झाल्यावर मी पैसे भरायला बसले. यंदा दहा वर्षांचेच भरायचे असं ठरवलं. बँकेचा ओटीपी यांच्या मोबाइलवर जातो, एवढं एक अजून व्हायचं राहिलंय. हे गॅलरीत सुपारी कातरत होते. मी हाक मारली, "आकडे सांगा हो." त्यांनी सहाही आकडे सांगितले, सावकाश, एकेक करून. मग विचारलं, "किती वर्षांचे?" मी म्हटलं, दहा. ते काही बोलले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "ताईला कळव, भरले म्हणून."

कळवलं. मेसेज केला, फोन करायचा धीर नव्हता. संध्याकाळी दिवेलागणीला त्यांचाच फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं, गुडघे, इचलकरंजीचं पाणी, नातीची बारावी. मग म्हणाल्या, "ते पाटलीचं पान आहे का अजून?"

"उतरवलंय, वन्सं. पण ठेवलंय."

"परत लाव. पण त्याच्या खाली माझंही घालायचं. मी सांगते तसं, एक अक्षर बदलायचं नाही." थोडा वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. "लिहून घे. पेन आहे का जवळ?"

"पेन्सिल आहे."

"चालेल," म्हणाल्या. "घाल. जून १९७३."